माझ्या छातीचं हवामान खातं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (वाकलं की धाप लागते, म्हणून तूर्त खुर्चीत बसूनच घालतोय, मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची अ‍ॅसिडिटी? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

तुला माहीतच आहे, हवा बदलायची असली की आधी माझी छाती वाजते आणि मग आभाळ भरून येतं. लहानपणी तू याला नाटकं म्हणायचीस. आमच्या गल्लीत मात्र या दम्याला फार मान आहे. तळमजल्यावरचा लाँड्रीवाला रोज सकाळी माझ्या खिडकीखाली कान देऊन उभा राहतो. शिट्टी ऐकू आली की गच्चीवरच्या चादरी आत. पलीकडचा रंगारीसुद्धा भिंतीला दुसरा हात देण्याआधी मला मोठा श्वास घ्यायला लावतो. नोकरीत जन्मभर माझं मत कुणी विचारलं नाही, इथे निदान फुप्फुसांचं तरी विचारतात!

तर झालं काय, नव्या डॉक्टरीणबाईंनी मला रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा एक पंप दिला. (निळा वेगळा, तो धाप लागल्यावरचा.) थोड्याच दिवसांत छाती इतकी गप्प झाली, की झोपेत मी आहे की गेलो हे बघायला ही मला हलवून उठवायची. लाँड्रीवाल्याने त्या शांततेवर भरवसा ठेवून एका लॉजच्या सगळ्या चादरी वर टाकल्या आणि भर दुपारी पाऊस कोसळला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मी मुद्दाम बरा झालोय.

इथे माझी अक्कल गहाण पडली. रोजचा पंप मी कपाटात ठेवून दिला. (हिलाही न सांगता.) गारठा पडायला लागला होता, कोपऱ्यावर पालापाचोळ्याचा धूर, सकाळी धुकं, छाती लगेच सुरात आली. एके सकाळी मी खिडकीतून ओरडलो, "चादरी उचला!" आणि खरंच पाऊस आला. गल्लीत टाळ्या पडल्या. आभार मानायला तोंड उघडलं, तर श्वासच आत जाईना. निळा पंपही पुरेना. लाँड्रीवाल्याने मला कपड्यांच्या हातगाडीवर, लोकांच्या इस्त्रीच्या शर्टांवर बसवलं आणि भर पावसात दवाखान्यापर्यंत पळवलं. ताई, खरं सांगतो, फार घाबरलो होतो गं.

डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते लिहीत नाही. तू आता मनात जे बोलते आहेस, साधारण तेच. हवा बदलताना तर औषध मुळीच चुकवायचं नाही, अशी तंबी मिळाली आहे. लाँड्रीवाला अजूनही सकाळी खिडकीखाली येतो, पण आता पंपाचा फुस्स आवाज ऐकल्याशिवाय हलत नाही.

तुझा धाकटा

ता. क. – खरं काम राहिलंच. भावोजींच्या भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं ते गोल यंत्र आहे ना, ज्याला मी दर भेटीत हसायचो, ते पाठवून दे. मी गल्लीच्या हवामान खात्याचा राजीनामा दिलाय.

आणखी एक – त्याचा काटा अडकतो, हे मी लाँड्रीवाल्याला आधीच सांगितलंय. तो म्हणाला, "चुकू दे की साहेब. चादरी पुन्हा धुता येतात."