मंडईच्या आधी घ्यायची गिटार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तिथे मोबाईल ठेवू देत नाहीत, म्हणून पत्र. दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. आणि तुझ्या हातात पडायच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक सर ते उघडून वाचतात म्हणे. सर, तुम्हालाही जय भीम. यात लपवण्यासारखं काही नाही, बहुतेक सगळं गिटारबद्दलच आहे. दादाने आत्ता गिटारबद्दल वाचावं की नाही हे तुम्ही ठरवा, मला तर हल्ली कशाचंच काही समजत नाही.

आई बरी आहे. म्हणजे जेवते, कामाला जाते, शेजारी कुणी तुझं विचारलं की "नागपूरले कामाले गेला" असं सांगते आणि दार लोटून घेते. आपल्याकडचा हलका धान कापणीला आला आहे, ब्रह्मपुरीच्या स्टँडवर ट्रॅक्टरांनी जीव नकोसा केला आहे. माझी कॉन्व्हेंटमधली पोरं अजून ए-बी-सी-डी गाण्यासारखी म्हणतात आणि एल-एम-एन-ओ-पी आलं की सगळी एकदम अडखळतात. पत्र लिहिते म्हटल्यावर आई म्हणाली, "त्याले लिही, पोटभर जेवत जाय. बाकी काई नको लिहू." आता बाकीचंच लिहायला बसले आहे.

तुझी जुनी गिटार गेली. हे तुला आठवतं की नाही, तेच मला माहीत नाही. नाटकाच्या सीझनच्या शेवटच्या प्रयोगानंतर तू मंडपामागच्या धानाच्या तणशीवर झोपलास आणि गिटार तुझ्या बाजूला उघडी, पालथी, दवात पडून राहिली. सकाळी कुणीतरी ती गाडीच्या टपावर सामानासोबत बांधली. वरून ऊन. तुमच्या ऑक्टोपॅडवाल्या विक्कीने तुम्हा दोघांनाही घरी आणून सोडलं, तेव्हा तिची मान उन्हात टाकलेल्या पापडासारखी मुरडलेली होती. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने नुसती डोळ्यासमोर धरून पाहिली आणि परत दिली. तुला मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. मला तुझा खूप राग आला होता, दादा, आणि तो अजून गेलेला नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला आणि दुसऱ्याच दिवशी इस्तारीभाऊ आले. नाटक कंपनीचा मालक घरी येतो तेव्हा त्याच्या चपला दारातच सांगतात की काहीतरी मागायला आला आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला पहिला प्रयोग कुरखेड्याकडे लागला आहे म्हणे. "राजदीप तवापर्यंत सुटते ना? त्याची गिटार नाई रडली तं आपला तिसरा अंक पडते, बाई," असं आईला म्हणाले. मागच्या सीझनला तू नव्हतास त्या एका प्रयोगात त्यांनी कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून पाहिला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पोस्टरवर तुझं नाव नायिकेच्या नावाखालोखाल छापायचं त्यांनी ठरवलं आहे. आई हरखली. चहात साखर दोनदा टाकली. मी मात्र कॅलेंडर काढून बसले.

केंद्राने सांगितलेली तुला सोडायची तारीख आणि मंडईची तारीख यांत मोजून चार-पाच दिवस आहेत. म्हणजे तू तिथून निघायचं आणि सरळ कंपनीच्या गाडीत बसायचं. जिल्ह्यात दारूबंदी असो की नसो, त्या गाडीत दारूबंदी कधीच नव्हती. प्रयोग संपला की थकवा काढायला, चांगला झाला म्हणून, वाईट झाला म्हणून. कुणी वाईट नाही रे त्यांत, सगळे तुझ्यावर जीव टाकतात, आणि जीव टाकत टाकतच ग्लास पुढे करतात. बाबांनाही भीमगीत पार्टीतले असेच म्हणायचे, घेतल्याशिवाय रामाजीचा बेंजो बोलत नाही. शेवटी बाबांचं पोट फुगलं होतं आणि आपण दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरून जीपमध्ये बसवलं होतं. बेंजो अजून भिंतीवर आहे. मी तो पुसते, पण वाजवत नाही.

असो. गिटार तर घ्यायलाच हवी होती, कारण कोणीही वाजवली तरी कंपनीला तोच आवाज पाहिजे. तो तुझा जुन्या हिंदी गाण्यांतला, स्वच्छ, थोडा टणत्कारी, मग लांबत जाणारा आवाज. नायिकेला घराबाहेर काढतात तेव्हा तू एकच तार ओढून जी मींड घ्यायचास ना, तिच्यावर बायका पदर तोंडाला लावायच्या. असा आवाज आपल्याला झेपेल अशा गिटारीतून काढायचा होता. मी विक्कीला घेऊन नागपूरला गेले. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला गिटार निवडायला नेणं म्हणजे न्हाव्याला शर्ट शिवायला सांगणं, पण माझ्यासोबत यायला दुसरं होतं कोण?

दुकानदाराने आधी एक काळी, चकचकीत गिटार हातात दिली. तारांखालचे, आवाज टिपणारे पिकअप दुहेरी गुंडाळीचे. आवाज जाड, भरदार, पण नायिकेच्या प्रसंगाला गळा बसल्यासारखा. विक्कीला ती फारच आवडली, कारण त्याच्या जॅकेटला शोभत होती. दुसरी पोकळ अंगाची, सुंदर, फार गोड. मी हरखून गेले होते, पण ती स्पीकरजवळ नेली की शिटी मारायला लागायची, आणि आपल्या मंडपात वादक बसतात ते स्पीकरच्या कुशीतच. तिसरी तुझ्या जुन्या गिटारीच्या घाटाची, एकेरी गुंडाळीचे तीन पिकअप, फिका बदामी रंग, एका कोपऱ्यात टवका उडालेला. दुकानदार म्हणाला टवक्यामुळे कुणी घेत नाही. मी मधल्या तारेवर एक मींड घेतली आणि दादा, मला रडू आलं. एसी दुकानात, लोकांसमोर. विक्की म्हणाला, "मले तं तिन्ही सारखेच वाटून राह्यले, पण तू रडून राह्यली तं हेच घे."

आणि इथेच मी चूक केली. शांत दुकानात आवाज ऐकून गिटार घेतली. वडशाला कंपनीच्या तालमीत नेली, जनरेटरची वायर जोडली, दिवेवाल्याने डिमर खाली आणून दिवे मंद केले, आणि गिटारमधून असा गुणगुणाट सुरू झाला की नायिका आपलं वाक्यच विसरली. इस्तारीभाऊ म्हणाले, "पोरी, गिटार घेतली का आग्या मोहोळ?" सगळे हसले. मीही हसले आणि वायर काढून घेतली. तुझी जुनी अशी का नव्हती गुणगुणत? तिलाही तेच पिकअप होते. मी किती वेळा तुझ्या बाजूला बसून तुला वाजवताना पाहिलं असेल, आणि हे मला कधी दिसलंच नाही.

पुढचे सगळे दिवस शाळा सुटली की मी तेच करत बसायचे. शेजारच्या राइस मिलचं जनरेटर सुरू झालं की दाराशी स्पीकरचा बॉक्स ठेवायचा आणि खटपट करायची. आईला वाटलं मला वेड लागलं. गिटार वळवून बसलं की गुणगुण कमी-जास्त होते हे कळलं, म्हणूनच तू नेहमी जनरेटरकडे खांदा करून तिरपा बसायचास! लोक म्हणायचे, राजदीप ऐटीत बसते. मग पिकअप निवडायचा तो पाच खाचांचा स्विच. टोकाच्या खाचांवर आणि मधोमध मोहोळ उठतं, पण मानेकडून दुसऱ्या खाचेवर दोन पिकअप मिळून वाजतात आणि ते बहुतेक शांत होतं. त्या खाचेतला आवाज थोडा पातळ आहे. टोनचं बटण अर्ध्यावर आणलं आणि तारा एक नंबर जाड लावल्या, तेव्हा तो भरला. जाड तारांनी बोटं सोलतात हे तुला सांगायला नको. खडू धरताना मला अजून कसंतरी होतं.

तरीही काहीतरी कमी होतं. मग तुझ्या शर्टाच्या खिशात ती नखी सापडली, आईच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कापलेली. दुकानातल्या नखीने तार टोचल्यासारखी वाजते, हिने पुसल्यासारखी. मी आईच्या गुडघ्याचा उरलेला एक्स-रे कापून तशाच आणखी केल्या. आई म्हणाली, "तुमी दोघं बहीणभाऊ माहे हाडं वाजवून राह्यले." खूप दिवसांनी ती हसली.

गेल्या रविवारी विहारात कार्यक्रम होता. तिथे या गिटारवर दोन गाणी झाली. मंडपात जनरेटर होतं, गुणगुण झाली नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "राजदीप आला का बे?" आणि आई चटकन मागे वळून पाहायला लागली. दादा, तिचा तो चेहरा मला सहन झाला नाही.

आता सांगते. विहारात मी वाजवत होते, घरी तुझ्याकडून शिकले तेवढ्यावर. ही गिटार मी तुझ्यासाठी घेतलेली नाही, माझ्यासाठी घेतली आहे. मंडईच्या प्रयोगाला तुझ्या जागेवर मी बसणार आहे, पूर्ण सीझन. इस्तारीभाऊंना मीच सांगितलं की राजदीप येणार नाही. ते आधी म्हणाले, "बाईमाणूस वाद्यात कवा बसली?" तूही मला एकदा हेच म्हणाला होतास, नाटकात यायचं तर स्टेजवर ये, वाद्यात नाही. नंतरच्या तालमीत तिसरा अंक झाल्यावर मात्र त्यांनी पोस्टरवाल्याला फोन लावला. उद्या पोस्टर छापायला जाईल, त्यावर माझं नाव आहे, आणि ते तू भिंतीवर वाचण्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून हे पत्र. मला फार भीती वाटते आहे. हे वाचून तू तिथूनच निघून गेलास तर? आपलं होतं ते एकच, तेही बहिणीने घेतलं, असं वाटून पुन्हा प्यायलास तर? पण तू त्या गाडीत बसशील याची भीती याहून मोठी आहे, आणि दोन भीतींतली एकच निवडायला मिळाली तर मी पहिली निवडते. नाटकाला लोक आपल्या माणसासाठी पोतं अंथरून जागा धरतात. मी तुझी जागा धरली आहे ती तू या वर्षी तिथे बसू नयेस म्हणून. सुटलास की घरी ये, कुरखेड्याला नको. रागावलास तर तसंच लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील, सर त्या वाचतील तर वाचोत. फक्त उत्तर दे.

तुझीच,
हर्षा