देवीची साडी

आई, एकदाच खरं सांग. त्या दिवशी देवळात तुझ्या अंगात देवी आली होती, की तूच बोलत होतीस? मी भांडायला बसलेले नाही. रोह्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, अंगात येण्याचा विषय निघाला की मी हसून मोकळी होते, हे तुला ठाऊकच होतं. पण गेल्या रविवारच्या सभेपासून हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

मला तो दिवस अजून दिसतो. मी नववीत असेन. पेणच्या एका ठेकेदाराला आपल्या बांधाबाहेरचा तिवर, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, तोडून धक्का बांधायचा होता आणि पंचांनी त्याला जवळजवळ होकार दिलेला. तिवर गेला की उधाणाचं पाणी थेट बांधावर आपटणार आणि खारं पाणी भातात शिरणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण पंचांच्या पुढ्यात बोलणार कोण? पंचांचे मुख्य म्हणजे आपले थोरले काका, तुझे मोठे दीर. त्यांच्यासमोर तू पदर कपाळाखाली ओढायचीस, त्यांना चहासुद्धा माझ्या हातून पाठवायचीस. बाया सगळ्या देवळाच्या खांबांमागे उभ्या आहेत, तूही आहेस, आणि अचानक तुझे केस मोकळे होतात. तू घुमत घुमत पुढे जातेस आणि थेट काकांना म्हणतेस, "अरे, तिवर म्हणजे माझी साडी हाय! माझी साडी फेडायला निघालास व्हय रे?" काका तिथंच तुझ्या पायाशी आडवे झाले. ठेकेदाराचा माणूस चपला हातात घेऊन पळाला, ते आठवून मला आजही हसू येतं.

शेजारच्या मोहल्ल्यातली चाची दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली होती, "तुमची देवी बरी गो, बोलते तरी." त्यांचं शेत आपल्या शेताला लागूनच, त्याच बांधाच्या आत. तिचाही जीव भांड्यात पडला होता. तू चुलीपाशी खाडीतली मासळी, निवट्या, साफ करत बसली होतीस. ती गेल्यावर मी हळूच विचारलं, आई, खरंच देवी होती? तू मान वर न करता फटकारलंस, "तुला काय करायचंय गो? तिवर ऱ्हायला ना? मीच नाय विचारलं मला, तू कशाला विचारतेस?" आणि लगेच माझ्या हातात चहाची कपबशी दिलीस. काकांना नेऊन दे म्हणालीस. पदर पुन्हा होता तिथं आला होता.

खरं सांगू? ती कपबशी मला फार लागली. ज्या देवधर्मानं तुला खांबामागे उभं केलं, त्यानंच तुला तेवढी दहा-पंधरा मिनिटं आवाज दिला, आणि परत काढूनही घेतला. तिवर वाचला, पण सभेत बसायला तुला चटईचा कोपरासुद्धा मिळाला नाही. मग हा देवधर्म आपल्या बाजूचा की त्यांच्या? मला राग येतो, पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं. तू नुसती सून म्हणून तेच बोलली असतीस, तर काकांनी ऐकलं असतं का? छे!

आता त्याच जागी गाड्या उभ्या करायला भराव टाकायचं चाललंय. तू नाहीस, काकाही नाहीत; त्यांच्या जागी त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, आहे. बायांना खुर्च्या मिळतात, मागच्या का असेनात. सभेच्या आधी गावातल्या बाया रोह्याला माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्या आईचं तुम्हीच चालवा. नुसते केस सोडा, बाकी आम्ही बघतो." मी भडकले. "म्हणजे मी नाटक करू?" त्यातली एक शांतपणे म्हणाली, "नाटक कशाला? आली तर आली." मी त्यांना चहा पाजला आणि ठणकावलं की मी येईन, पण मुद्दे घेऊन येईन, देवी घेऊन नाही.

मुद्दे मी मांडले. मुळं माती कशी धरतात, उधाणाचा जोर कसा मोडतो, सगळं वर्गात सांगते तसं. अर्धी सभा मोबाइलमध्ये होती. मग देवळाच्या पायरीशी चाचीची सून उठली. तिचा नवरा आखातात, शेत तीच बघते. म्हणाली, "आमच्यात अंगात येत नाय. मी अशीच बोलते. तिवर तोडू नका." लोक हसले. आपला भाऊ म्हणाला, "भाभी, घरात बोलायला कुणी पुरुष नाय का?" ती म्हणाली, "हाय की, कतारला. पन बांध हितं हाय." कसली पोरगी आहे गं! पण हशा काही थांबेना, आणि ती एकटी पायरीशी उभी होती.

तेव्हा मी उठले एवढं आठवतं. मी भावाला "अरे" म्हणाले, तेही आठवतं. पण तो धाकटा, त्याला मी नेहमीच अरे म्हणते. मोबाइल खाली गेले. मग एकेक बाई उठून पुढे यायला लागली, खुर्च्यांचा आवाज झाला, आणि भरावाचा ठराव बारगळला. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि त्याचे हात जोडलेले होते. चाचीच्या सुनेनं येऊन माझ्या हातात माझी क्लिप दिली. खाली पडली होती म्हणे.

अंबाडा कधी सुटला ते मला कळलं नाही, आई. घरी येऊन आरशासमोर केस विंचरले, पुन्हा घट्ट बांधले. आणि मी पण नाही विचारलं मला.