तीन महिन्यांची साखर

१४ जानेवारी
अकरावी नळी भरत आली तरी नर्स थांबेना. बारावी लावली. विचारलं, एवढं कशाला. म्हणाली, एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवायची, तर आधी देणाऱ्याचं सगळं माहीत असावं लागतं. मी म्हणालो, माझ्यात लपवण्यासारखं काही नाही. ती नळीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. तिचं नाव डेलवो. नजर आवडली नाही.

रेइनो माझा भाऊ, चार वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यापासून रस्त्यापलीकडच्या घरात एकटा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. थँक्सगिव्हिंगला भरल्या टेबलावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझी घे. आयलीने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या ताटाकडे पाहिलं. का ते कळलं नाही.

निघताना डेलवोने बाजूला घेतलं. कधीही मागे फिरावंसं वाटलं तर फोन करा, म्हणाली. घरच्यांना आम्ही फक्त ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच कळवतो. कारण कोणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा नाही.

मी म्हणालो, बाई, मी बावीस वर्षं या कौंटीत रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो.

विस्कॉन्सिनमधलं हॉस्पिटल. जाऊन-येऊन चारशे वीस मैल.

१७ जानेवारी, शनिवार
सॉना. वाफ घ्यायला मी आणि ट्रेवॅरो वरच्या फळीवर, रेइनो खालच्या. त्याला आता वरची धग झेपत नाही. ट्रेवॅरो माझ्याबरोबर कौंटीच्या गॅरेजात असतो. दोघांना ‘योग्य नाही’ची गोष्ट सांगितली. पळपुट्यांसाठी मागचं दार, म्हणालो. ट्रेवॅरोला हसून हसून खाली उतरावं लागलं. रेइनो म्हणाला, आर्न्या, दगडांवर पाणी टाक.

रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी पुन्हा सांगितली. तिथेही चांगली झाली.

२३ जानेवारी
डेलवोचा फोन. हृदय, फुप्फुसं, दोन्ही किडन्या उत्तम. फक्त साखरेचा तो ए-वन-सी आकडा सहा पूर्णांक एक. साडेपाचच्या आसपास हवा होता. विचारलं, गोड फार खाता का. अजिबात नाही, म्हणालो. ती म्हणाली, रक्त तसं म्हणत नाही.

रक्त काही म्हणत नसतं. कोणीतरी म्हणालं आहे.

तीन महिन्यांची मुदत. एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी. तोवर रेइनो थांबेल. त्याला सांगितलं, कागदपत्रांची दिरंगाई आहे.

आजपासून:
कॉफीत साखर नाही.
निसू नाही. आयली दर शुक्रवारी हा वेलदोड्याचा गोड पाव करते, तिने करावा, मी खाणार नाही.
रोज दोन मैल चालणे.

२४ जानेवारी
चौदा इंच बर्फ. पहाटे तीनपासून ट्रकवर. अशा हवेत चालणं वेडेपणा.

निसू कालच केलेला होता. संकल्प पुढच्या शुक्रवारपासून धरणं जास्त स्वच्छ.

२ फेब्रुवारी
रेइनोची गाडी सुरू होईना. त्याला डायलिसिसला मी नेलं. पहिल्यांदाच आत बसलो. दंडात सुया किती जाड असतात ते माहीत नव्हतं. नळीतून रक्त बाहेर जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस झोपलेला. त्याला दोन्ही पाय नव्हते. रेइनो म्हणाला, त्याची साखर. आणि मासिक वाचू लागला.

परतताना रस्ता निसरडा होता म्हणून बेकरीपाशी थांबलो. जॅम भरलेले तीन डोनट. रेइनो गाडीतच होता, डोळे मिटून. त्याने पाहिलं नसावं.

बेकरीतल्या बाईने विचारलं, आज तीनच का. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

९ फेब्रुवारी
खबर कोण देतं हे शोधायची रीत सापडली. आयलीला सांगितलं, आज पाईचे दोन तुकडे खाल्ले. ट्रेवॅरोला सांगितलं, डबाभर बिस्किटं. बेकरीतल्या बाईला सांगितलं, आईस्क्रीम. आता डेलवोच्या तोंडून यातलं जे निघेल, त्यावरून माणूस पकडायचा.

खरं पाहता यातलं काहीच खाल्लं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिन्ही खाल्ली. नुसतंच खोटं बोललं तर पकडलं जातं.

१३ फेब्रुवारी
डेलवोचा फोन. एक्स-रेची तारीख दिली. पाई नाही, बिस्किटं नाही, आईस्क्रीम नाही. अक्षरही नाही.

बाई मुरलेली आहे.

१८ फेब्रुवारी
हॉस्पिटलकडून पुस्तिका आली. पोटाला तीन छिद्रं आणि खाली एक चीर, त्यातून किडनी बाहेर काढतात. चित्र आहे. दाते दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत तीन. ट्रेवॅरो म्हणाला, दहा हजारांत तीन म्हणजे कोणीच नाही. मी म्हणालो, त्या तिघांना विचार.

थिंबलबेरी जॅमची बाटली संपवली. उघडी राहिली तर बुरशी धरते.

आयली रिकामी बाटली विसळत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, आर्नी, तुला भीती वाटते का रे. मी म्हणालो, कशाची. ती म्हणाली, मी विचारतेय तुला. मी म्हणालो, दुसरी बाटली कुठे आहे. ती म्हणाली, दुसरी बाटली नाही.

तळघरात सहा होत्या. मी मोजल्या होत्या.

२७ फेब्रुवारी
आयली कोठीघरात फोन घेऊन उभी होती. दार लोटलेलं. मी गेल्यावर म्हणाली, हो, बरं, मंगळवारी, आणि ठेवला. विचारलं, कोण. बहीण, म्हणाली. बहिणीशी ती कधी ‘हो, बरं’ एवढ्यावर बोललेली नाही. एक तास तरी लागतो.

३ मार्च, मंगळवार
आयली बहिणीकडे गेली होती. बहीण लान्सला राहते, जाऊन-येऊन सत्तर मैल. गाडीच्या मैलांचा आकडा मी सकाळी लिहून ठेवला होता. संध्याकाळी पाहिला. फरक चारशे बावीस.

दोन मैल कुठे गेले तेवढंच कळलं नाही. बाकीचे चारशे वीस म्हणजे हॉस्पिटल.

म्हणजे स्वतः जाऊन सांगते. समोरासमोर बसून.

५ मार्च
आयलीच्या कोपराच्या खोबणीत पट्टी. विचारलं, काय झालं. मांजर, म्हणाली. आमच्या मांजराने इतक्या नेमक्या जागी आजवर कोणाला ओरबाडलेलं नाही. बहुधा डेलवोच्या घरी मांजर असावं. इतक्या ओळखीपर्यंत गेलं आहे.

ट्रेवॅरोला सांगितलं, माझी बायको हॉस्पिटलला फितूर आहे. तो म्हणाला, लेका, तू खातोस ते अख्ख्या कौंटीला दिसतं, फितूर कशाला हवा. ट्रेवॅरोचं नाव संशयितांच्या यादीतून काढलं होतं. पुन्हा घातलं.

२० मार्च
रेइनो वाळत चाललाय. घोटे मात्र सुजलेले. आज त्याच्या अंगणातला बर्फ मी ट्रकनेच काढला, नियमात नाही तरी. तो खिडकीशी उभा होता. बाहेर येऊन म्हणाला, कागदपत्रं फारच सावकाश चालतात रे त्यांची. मी म्हणालो, सरकारी काम. तो म्हणाला, हॉस्पिटल सरकारी नाहीये, आर्न्या. मी म्हणालो, तरी.

घरी येऊन निसूचा अर्धा पाव. बर्फाच्या कामात ताकद लागते.

८ एप्रिल
आता कडक. सहा दिवसांवर तपासणी. पाण्यात उकडलेला मासा, कोबी, काळी कॉफी. इच्छाशक्तीची गोष्ट असते. लोक तीन महिने कशाला घालवतात कळत नाही.

१२ एप्रिल, ईस्टर
आयलीने हॅमवर मध लावला होता. मी मध खरवडून टाकून खाल्लं. पाईला हात लावला नाही. सगळ्यांदेखत लावला नाही. रेइनो माझ्याकडे पाहत होता. त्याचे डोळे भरून आले असं वाटलं. हल्ली त्याचे डोळे तसेही पाणावतात.

१४ एप्रिल
रक्त दिलं. उपाशीपोटी. वजन तीन पौंड उतरलेलं. डेलवोला म्हणालो, आता बघा. परतताना गाडी चालवत एक गाणं म्हटलं.

१७ एप्रिल
डेलवोचा फोन. उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याण्णव. मी म्हणालो, बघितलंत? ती म्हणाली, ए-वन-सी सहा पूर्णांक सहा.

मी म्हणालो, कोण सांगतं तुम्हाला.

ती म्हणाली, मिस्टर लाहटी, कोणी सांगत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात. तुम्ही जे खाता त्यातली साखर त्यांना चिकटते, ती निघत नाही. आम्ही फक्त मोजतो. तुमचे शेवटचे काही दिवस चांगले गेले, तेही दिसतं. पण त्याआधीचे नव्वद गेलेत.

मग म्हणाली, याला आता मधुमेह म्हणतात. एक किडनी काढून घेतली आणि साखर अशीच राहिली, तर दहा-पंधरा वर्षांत तुम्ही तुमच्या भावाच्या खुर्चीवर बसाल. आम्ही घेणार नाही.

मी विचारलं, घरच्यांना काय सांगणार. ती म्हणाली, नेहमीचंच. योग्य नाही.

१८ एप्रिल, शनिवार
सॉना. ट्रेवॅरो वर बसला होता. मी आत आल्यावर जागा करून दिली. विनोद केला नाही. मी एक केला, त्यावरही हसला नाही. थोड्या वेळाने, काम आहे म्हणून उठला.

रेइनोला कालच कळवलं होतं त्यांनी. खालून म्हणाला, आर्न्या, हे बघ, काही मनात ठेवू नकोस. फोन करायलाही हिंमत लागते. तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा तेच केलं असतं.

मी म्हणालो, मी फोन केला नाही.

तो म्हणाला, बरं.

मी म्हणालो, खरंच नाही केला. तो म्हणाला, अरे बरं म्हटलं ना. आणि माझ्या पोटरीवर थोपटलं. लहानपणी तळ्यात उडी मारायला मी घाबरलो की थोपटायचा, तसं.

१९ एप्रिल
चर्चमध्ये कॉफीच्या वेळी माझ्याशी सगळे फार चांगले वागले. पाद्रीबाईंनी दोन्ही हातांत माझा हात धरला. कोणीच काही विचारलं नाही. मला सांगायचं होतं ते ऐकायला कोणी नव्हतं.

ही बदनामी आहे. मी पळपुटा नाही. पुरावा आहे माझ्याकडे, छापील. उद्याच जाऊन दाखवतो.

२० एप्रिल
रेइनो डायलिसिसहून येऊन पडला होता. रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. आकड्यावर बोट ठेवलं. म्हणालो, हे बघ, मी फोन केलेला नाही. हे कारण.

त्याने चष्मा शोधला. बराच वेळ वाचलं. विचारलं, जानेवारीत किती होता. मी सांगितलं. मग विचारलं, म्हणजे तीन महिने होते तुझ्याकडे. मी म्हणालो, हो, पण बर्फ बघ ना यंदाचा.

त्याने कागद नीट घडी करून परत दिला. म्हणाला, तू घाबरलास असं मला वाटलं होतं. ते मला कळलं असतं.

मी म्हणालो, मी अजिबात घाबरलो नव्हतो.

तो म्हणाला, हो, तेच म्हणतोय मी. आणि भिंतीकडे वळला.

२१ एप्रिल
आयलीला जाब विचारला. गाडीचा आकडा, फोन, पट्टी, सगळं पुढे ठेवलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली.

म्हणाली, ती माझी तपासणी होती. माझं रक्त कोणालाही चालतं. सगळं झालंय, मार्चअखेरच त्यांनी हो म्हटलंय. तुझं झालं असतं तर मी गप्प बसणार होते, तुला कधी कळलंसुद्धा नसतं.

मी विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलंस त्यांना. ती म्हणाली, मी काय सांगणार, मीच त्यांना विचारत होते. डेलवोबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी जॅम लपवला, एवढंच माझ्या हातात होतं.

विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते ना. रोज वाटते. आणि बटाटा उचलला.

२ जून
हॉस्पिटलसमोरच्या मोटेलमध्ये. उद्या ऑपरेशन, दोघांनाही संध्याकाळपासून खायला बंदी. रेइनो आणि आयली बाहेर बाकावर बसून पत्ते खेळले. मी विचारलं, मी येऊ का. रेइनो म्हणाला, दोघांचा खेळ आहे. रागाने म्हणाला नाही.

आयलीने मला सांगितलं, मांजराचं खाणं शेजारच्यांकडे दिलंय, विम्याचा कागद निळ्या पिशवीत आहे, आणि काही झालं तर तिच्या बहिणीला आधी फोन कर. मी म्हणालो, दहा हजारांत तीन म्हणजे कोणीच नाही. ती म्हणाली, हो.

३ जून
सकाळी साडेपाचला आयलीला नेलं, सातला रेइनोला. अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. दोघं ठीक. किडनी टेबलावरच काम करू लागली. थोड्या वेळाने आयली जागी झाली. आधी रेइनोचं विचारलं. त्याला लघवी होते आहे, म्हणालो. मग विचारलं, तू सकाळपासून काय खाल्लंस. काही नाही, म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि डोळे मिटले. खरंच काही खाल्लं नव्हतं.