कुंडी बाथरूममध्ये आहे

फर्नचे बाबा,

"पंख्याच्या वाऱ्याने सुकतोय बिचारा," म्हणत काल तू तुझा लाडका अ‍ॅस्परॅगस फर्न हुकावरून काढून जमिनीवर ठेवलास. आपली लेक रांगते, हे लक्षातच नसेल तुझ्या. आज तिने त्याचं मण्याएवढं लाल फळ तोंडात घातलं. मी बोट घालून अर्धं काढलं. उरलेलं गिळलं की काय, कळेना, म्हणून डॉक्टरांकडे निघालेय. तू फोन उचलत नाहीस.

त्याला पाणी किती, ऊन किती, सगळं तुला तोंडपाठ. फळं विषारी असतात, तेवढं मात्र वाचायचं राहिलं!

कुंडी बाथरूममध्ये कोंडलीय. आलास की आधी त्याच्यावर पाणी फवार, घाबरला असेल. मग सवड झालीच तर दवाखान्यात ये.