दर्याई हा शब्द आणि माझे घर

मी, साळूबाई भ्रतार जोतिबा बाबर, वय बासष्ट, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी बसवून लिहून घेतलेले नाही. उलट, लिहू नये म्हणून पुष्कळ जण येऊन गेले.

१. माझे यजमान जोतिबा फौजेत होते. सन १९४४ साली इटलीत लढाईत ते वारले. आम्हांस मूलबाळ नाही. धाकटे दीर भाऊसो शेजारच्या सोप्यात राहतात. पुढे वाटणी होऊन पूर्वेकडील दोन खोल्या व परसू माझ्या नावे झाले. ही मिळकत माझी एकटीची आहे.

२. सदर घर व परसू माझ्या पश्चात राहीबाई हिला मिळावे. राहीबाई ही भाऊसोंचीच मुलगी. दिराच्या मुलाला, नानासोला, डावलून मुलीला का, असे विचारतील, म्हणून कारण लिहून ठेवते.

माझ्या लग्नात आईने मला हिरव्या दर्याईची चोळी दिली. ते कापड आजीच्या पेटीतले होते. दर्याई म्हणजे तलम रेशीम. अंगावर पाण्यासारखे हलते. दर्यापलीकडून येई म्हणून दर्याई, असे आजी सांगे. खरेखोटे मला माहीत नाही. तिच्या तरुणपणी शौकीन घरच्या बायका त्याच्या चोळ्या शिवत आणि लेकीला दर्याई दिली हे बाप चारचौघांत सांगत. मी लग्न होऊन आले तोवर ते कापड बाजारातून गेले होते, शब्द तेवढा म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला होता. यजमान रजेवर आले की म्हणायचे, "आज दर्याई घाल की गं." एवढेच त्या चोळीचे सुख.

ते गेल्याची तार आली. दिवसकार्य झाल्यावर भाऊसो म्हणाले, "वैनी, आता ही दर्याई घरात नगं. कृष्णामाईत सोडून येतो." मी घडी करून हातात दिली. संध्याकाळी ते ओल्या धोतराने परत आले आणि "सोडली," म्हणाले.

पुढल्या वर्षी मी मास्तरणीच्या परीक्षेसाठी सांगलीला गेले. घाटावर एक बाई धुणे धूत होती. तिच्या अंगात माझी चोळी होती. काखेत मी निळ्या दोऱ्याने केलेला रफू मला लांबूनही ओळखू आला. मी विचारले तेव्हा ती घाबरली. "आष्ट्याच्या भाऊसोंनी दिली. त्यांनी मला पाच वर्सं ठेवलीया," म्हणाली. तिचे नाव बनुबाई. माझ्या नवऱ्याचे सुतक सरते न सरते तोच ती चोळी तिच्याकडे गेली होती. "तुमची हाय तर न्या बाई, मी धुऊन धाडते," असेही ती म्हणाली. मी नको म्हटले. त्या माणसाने धोतर भिजवून केलेले सोंग आठवले आणि त्या कापडाला हात लावायची मला शिसारी आली. बनुबाईवर माझा राग तेव्हा नव्हता, आजही नाही.

घरी येऊन सासूबाईंसमोर मी हे सांगितले. भाऊसो जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "हीच सांगलीत दर्याई घालून हिंडती. लोकांनी बगितलीया." त्या दिवसापासून ते मला नावाने बोलवेनासे झाले. दर्याई आली, दर्याई गेली. गावाने शब्द उचलला. मी शाळेत लागले तेव्हा दर्याईच्या वर्गात पोरी बसवू नका, असा अर्जही कोणी केला. डोक्यावरचा पदर जरा ढळलेली कोणतीही बाई आमच्या आळीत दर्याई ठरू लागली. एका चांगल्या कापडाचे नाव त्या माणसाने घाणीत लोळवले.

तीन वर्षांमागे राहीबाई नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आली. गाल सुजला होता. भाऊसो उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "घरात एक दर्याई हाय, दुसरी नगं." पोटच्या पोरीला हे म्हणाले. मी माझे दार उघडले आणि तिला हाताला धरून आत घेतले. ती तेव्हापासून माझ्याकडे आहे. आठवड्याने तिने विचारले, "काकी, दर्याई म्हंजे काय वं? मला ल्हानपणापास्नं शिवीच वाटती." मी तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या आईनं दिलेलं हुतं ते."

गेल्या महिन्यात भाऊसो नानासोला घेऊन आले. "वैनी, झालं गेलं इसरा. घर नानासोच्या नावावर करा. भाईरच्याला कशाला?"

"राही बाहेरची?"

"ती दर्याई. तिला कशाला लागतंय घर."

राही आतल्या खोलीत होती, तिला ऐकू जात होते. नानासो सख्खा भाऊ, पण खाली बघून चहा पीत राहिला. ते गेल्यावर दोन्ही कप मी उकिरड्यावर टाकले.

३. पोस्टातली शिल्लक, शिवणयंत्र व भांडीकुंडी राहीबाईस. यजमानांची पदके तिच्याचकडे राहावीत. भाऊसोंना ती मिरवायला देऊ नयेत.

४. भाऊसो व नानासो यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. विसरून राहिले असे कोणी समजू नये, आठवणीने वगळले आहे.

५. मला अग्नी राहीबाईने द्यावा. भाऊसोंनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये, मडके धरू नये. बाई स्मशानात आली म्हणून लोक बोलतील, तिलाही तोच शब्द लावतील. मी तीस वर्षे त्याचा अर्थ सांगत फिरले, कोणाला तो नको होता. राहीने सांगत बसू नये. अग्नी द्यावा, घरी यावे, आणि दाराला आतून कडी घालून स्वस्थ झोपावे.

येणेप्रमाणे लिहिले ते मी वाचून पाहिले, साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: साळूबाई जोतिबा बाबर

साक्षीदार:
१. वजीर चांदसाहेब मुलाणी, शेजारी, आष्टा
२. बिराप्पा सिदू हजारे, शाळेचे निवृत्त शिपाई, आष्टा

ठिकाण: आष्टा
तारीख: ९ फेब्रुवारी १९७६