एक जूनची चौकट

१० एप्रिल १९९५

मला स्वतःचं टेबल मिळालं! खिडकीतून गव्हाची कापणी दिसते आणि तिच्या पलीकडे परांचीत अडकलेली एक काचेची इमारत. गुडगावचं सगळंच असं अर्धं शेत, अर्धं ऑफिस. सरोजिनीनगरहून चार्टर्ड बस सव्वाआठला सुटते. तिथे मी सरलामावशींच्या क्वार्टरमध्ये राहते. त्या बाबांच्या डेपो मॅनेजरांच्या बहीण, केंद्र सरकारात नोकरीला. पहिल्या दिवशी त्यांनी शिरा केला आणि म्हणाल्या, तुमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आमच्या घरून कामाला जाते आहे, गोड नको?

मोठ्या कंपन्या नव्या वर्षाला वाटतात त्या जाड डायऱ्या आम्ही छापतो. प्रत्येक पानाच्या तळाशी त्या तारखेचा दिनविशेष असतो. मराठीचं काम माझ्याकडे. प्रत्येक तारखेला लाकडी कपाटात एक खण आणि खणात कार्डं. साहेब, भालचंद्र मोघे, तीन पिढ्यांचे दिल्लीकर. त्यांनी एकच नियम सांगितला. चौकटीत डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. दोन्हीकडच्या ओळी सारख्याच हव्यात, एकही कमीजास्त नको, नाहीतर पान लंगडं दिसतं. “बाकी बिल्कुल टेन्शन नाही,” म्हणाले.

२७ एप्रिल

आज चौदा जानेवारी पुरी केली. पानिपत लिहिताना वाटलं, हजारो माणसं मेली आणि कार्डावर सातआठच नावं. साहेबांना तसं म्हटलं तर हसले. म्हणाले, “अच्छा, मग तू सगळ्यांना आण, पण पान वाढवून मिळणार नाही.” मग विचारलं, ‘दिवेलागण’ म्हणजे काय, ते कार्डावरून काढून ‘शाम’ लिहिलं तर चालेल का. मी नाही म्हटलं. फार आवडतंय मला हे काम.

३ मे

आज एक जूनचा खण काढला. १९३०, दख्खनची राणी सुरू झाली. १९४८, पुणे ते नगर पहिली एसटी धावली. ती ओळ वाचून मला बाबाच दिसले. अंबादास वाघमारे, तीस वर्षं परभणी डेपोत गाड्या धुतात. त्यांचाही जन्म कागदावर एक जूनचाच.

आमच्याकडे सगळ्यांचाच आहे. शाळेत घालायला नेलं की गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघत. कान हाताला लागला की वय बसलं, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जन्म एक जून. बाबांचा तसा, माझाही तसाच.

जन्माच्या बाजूला सत्येंद्रनाथ टागोर, नर्गिस, आणि त्यांच्याखाली माझ्या आधी इथे असलेल्या दिनकर शेजवळ यांच्या अक्षरात पाच साधी नावं. विहिरी खोदणारे, मजूर, एक दाई, शेवटी ते स्वतः. म्हणजे माझ्यासारखाच विचार करणारं कुणीतरी इथे होतं! मी नवं कार्ड लिहिलं. ‘जन्म: अंबादास वाघमारे, एसटीच्या गाड्या धुणारे.’ लिहिताना डोळे भरून आले. रविवारी फोनवर सांगणार.

४ मे

मृत्यूच्या बाजूला एक ओळ कमी पडते म्हणून तो गठ्ठा काढला. शेजवळांची तीच पाच नावं तिथेही आहेत. पाचही मृत्यू एक जूनचे. १९९०, ९१, ९२, ९३. पाचवं १९९४, ते स्वतः दिनकर शेजवळांचं. अक्षरही त्यांचंच.

साहेबांना विचारलं. ते काचेतून बाहेर बघत म्हणाले, “गर्मी होती यार. याच खुर्चीवर बसला होता बिचारा.”

शेजवळांच्या गावी पत्र टाकलं. काहीतरी घोळ असणार, अंधश्रद्धेला माझ्याकडे जागा नाही.

१० मे

मृत्यूच्या गठ्ठ्यात एक नवीन कार्ड आहे. ‘मृत्यू: अंबादास वाघमारे. १ जून १९९५.’

अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही. फाडून टाकलं.

११ मे

पुन्हा तेच कार्ड. जन्माचं कार्ड फाडून पाहिलं, तेही जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागेवर. सरलामावशींना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाल्या, लू लागली आहे, कांदा जवळ ठेवत जा.

१८ मे

शेजवळांच्या भावाचं पत्र आलं. चुलता नव्वद साली गेला, आई एक्क्याण्णवला, मग बहीण, मग गावची दाई. दरवर्षी एक जूनला. चुलता गेल्यावर दिनकरने पत्रात लिहिलं होतं की आईची खरी तारीख कुणाला माहीत असेल तर कळवा, म्हणजे मी तिला इथून काढू शकेन. कुणालाच माहीत नव्हती.

म्हणजे सुटायला वाट आहे. ही तारीख ज्यांची खरी नाही, त्यांना खरी दिली की झालं. बाबांची तारीख शोधायची.

२१ मे, रविवार

एसटीडी बूथवर बाबांची नेहमीची अकराची वेळ. मी जन्माची तारीख विचारली तर हसायलाच लागले. “आगं माय, आता या वयात माझं लगीन लावतीस काय?” मी रडायला लागले तेव्हा त्यांनी हसणं सोडलं. आत्याला बोलावून आणलं. आत्या ओरडूनच बोलते. म्हणाली, त्यात काय इचारायचं, निजामाचं राज गेलं त्याच दिवशी झाला, लोकं रस्त्यावर नाचत व्हती आन् सुईण यायला तयार नव्हती.

सतरा सप्टेंबर १९४८! मी बूथमध्येच मोठ्याने हसले. इतिहासाने माझे बाबा सांभाळून ठेवले होते.

२२ मे

बाबांचं जन्माचं कार्ड सतरा सप्टेंबरच्या खणात ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलं. एक जूनच्या मृत्यूच्या कार्डावरून त्यांचं नाव गेलं. कोऱ्या जागेपुढे फक्त ‘१ जून १९९५’.

बाबा सुटले. आज कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

२४ मे

ते कोरं कार्ड फाटत नाही. आता मृत्यूची ओळ एक जास्त झाली, जन्माची एक कमी. साहेबांनी प्रूफ बघून विचारलं, पान लंगडं का?

मी त्यांना म्हटलं, एक जून गाळून टाकू या. ते म्हणाले, तारीख कशी गाळायची, पागल आहेस का?

२६ मे

ओळ आपोआप भरली. ‘जन्म: देवयानी अंबादास वाघमारे. १ जून १९७३.’

माझ्या अक्षरात.

उजवीकडचं कार्ड अजून कोरं. पण आता ते कुणाची वाट बघतंय ते—

२८ मे, रविवार

माझी खरी तारीख आईला माहीत होती. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबांना विचारलं. त्यांनी आधी आत्याला हाक मारली. मग म्हणाले, तेव्हा डेपोचा संप होता, ते मुंबईला मोर्चात होते, परत आले तर मी झोळीत. कोणता महिना? थंडी होती, म्हणाले. आत्यालाही आठवत नाही. मुलीची तारीख कोण लक्षात ठेवणार, असं ती म्हणाली. वाईट हेतूने नाही.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. सगळंच. त्यांना वाटलं असेल पोरीचं डोकं फिरलं. पण म्हणाले, “मग माझंच नाव राहू दे की तिथं, माय. मला कुठं वाढदिवस करायचाय. तू लई शिकलीस, तुझं पान कोरं आहे अजून.”

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले. पण त्याआधी एक क्षण—

तो क्षण मी इथे लिहिणार नाही.

३० मे

ऑफिसला गेले नाही. एक जूनची दोन्ही कार्डं माझ्या पर्समध्ये निघाली. सरलामावशींनी डॉक्टर आणला. वीज नाही. पंखा नाही. सगळं घामट. सतरा सप्टेंबरचं बाबांचं कार्डही आलंय. त्यावरची तारीख फिकट होते आहे. मी काहीच केलेलं—

केलं का? त्या एका क्षणी?

३१ मे

मला हायसं वाटलं होतं. हा तो क्षण. बाबा म्हणाले माझं नाव राहू दे, आणि मला हायसं वाटलं.

सतरा सप्टेंबर पुसली गेली.

१ जून

सकाळचे दहा. उजवीकडचं कार्ड अजून कोरं. दोन तास झाले, त्याच्यावरच नजर आहे. बूथवरून डेपोला फोन लावला. बाबा जिवंत आहेत. गाडी धूत आहेत, बोलवू का, असं तिथल्या माणसाने विचारलं. नको म्हटलं. आवाज ऐकला तर धीर सुटेल.

कोरं आहे तोवर मीच भरायचं. माझं नाव, देवयानी. बाबांचं नाही. पेन कार्डावर चालत नाही, घसरतं. पण या डायरीत चालतंय, इथे लिहिलं की तिथे उमटतं, आताच एक रेघ ओढून पाहिली. मग इथेच लिहिते. स्वच्छ अक्षरात. मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते. तरी माझंच.

मृत्यू: १ जून १९९५.

अं—