जुन्या स्टिअरिंग पंपाची वाटणी

घरातली वडीलधारी माणसे धडधाकट असताना एकविसाव्या वर्षी मी मृत्युपत्र लिहायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आई, बाबा आणि दादा यांची आधीच क्षमा मागते. येत्या गुरुवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. गाठ साधी आहे, असे डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितले. मी मृत्युपत्राचा विषय काढला तेव्हा त्या हसल्या. "अगं, शनिवारी घरी जाशील तू! फार तर आवाज थोडे दिवस बसेल. क्वचित कुणाचा कायमचा घोगरा राहतो, एवढंच."

त्यांच्या 'एवढंच' या शब्दानंतर मला झोप लागलेली नाही.

सबब मी, गॅरेजवाल्यांची धाकटी मुलगी, पूर्ण शुद्धीवर, स्थिर बुद्धीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढीलप्रमाणे लिहून ठेवते.

कलम एक. स्थावर मालमत्ता मला नाही. गॅरेजच्या माळ्यावरची खिडकीजवळची जागा मी आजवर माझी समजत आले. ती बाबांनी पुन्हा टायर रचण्यासाठी घ्यावी.

कलम दोन. माझी पुस्तके ग्रंथालयास द्यावीत. शब्दकोश मात्र आईला, कारण शब्दकोडे अडले की ती मला हाक मारते. दादाने मला दिलेली 'पुस्तकातली अळी' ही पदवी मी त्याला साभार परत करते. वहिनीला मुलगी झाल्यास ती तिला वारसाहक्काने मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम तीन. पिकअप दादाचीच आहे. तिच्या पॉवर स्टिअरिंगची देखभाल गेली तीन वर्षे मी करते. ती पुढील अटींवर दादाकडे सोपवते. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, स्टिअरिंगच्या टाकीतले तेल पाहावे. ते काळे पडले किंवा त्याला जळका वास आला, तर बदलावे. पंपाचा पट्टा बोटाने दाबून सैल झाला आहे का, हे तपासावे. वळणावर पंप कण्हू लागला तर गाण्यांचा आवाज वाढवू नये. स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नये. पंपाचे हाल तिथेच होतात. पंप बदलण्याची वेळ आलीच, तर जुने तेल पूर्ण काढून नळ्या धुवाव्यात. नवा पंप बसवल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसदा सावकाश फिरवावे. आतली हवा निघते आणि टाकीतले बुडबुडे थांबतात. तोवर दादाने घड्याळाकडे पाहू नये.

हे सारे मला दहाबारा काकांनी शिकवले.

कलम चार. खिशात सदैव दहा-बाराचा पाना, म्हणून ते दहाबारा काका. बाबांच्या हाताखाली त्यांनी एकोणीस वर्षे काम केले. त्यांना वाचता येत नाही. पण बाटलीचा पोचा, झाकण आणि वास यांवरून ते कोणतेही तेल अचूक ओळखत. बारावीला पहिली आल्यानंतरच्या सुटीत मी गॅरेज 'नीट लावले'. सगळी तेले एकसारख्या बाटल्यांत ओतली आणि त्यांवर सुवाच्य अक्षरात लेबले चिकटवली. सर्वांनी कौतुक केले. काकांनी तर सर्वांत जास्त.

पुढे पिकअपच्या स्टिअरिंगचे तेल कमी झाले. काका बाटली उघडून थबकले.

"बाळ, हे लाल असायला हवं ना गं? वासही निराळाच येतोय."

"लेबल बघा की काका! मी स्वतः लिहिलंय."

"मग बरोबरच असणार," म्हणाले आणि त्यांनी ओतले.

ते ब्रेकचे तेल होते. आठवड्याभरात पंपातली रबरे फुगून फाटली, तेल गळून गेले आणि भर वळणावर स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. पिकअप भिंतीवर आदळली, दादाचे मनगट मोडले. बाबा कडाडले, "एकोणीस वर्षं काय झोपा काढल्यास का रे? तेल ओळखता येत नाही तुला?"

काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी दारात उभी होते. मग ते म्हणाले, "चुकलं माझं, मालक," आणि पाना खिशात टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या चुकलेल्या लेबलांची गुपचूप अदलाबदल केली. आता काका हमरस्त्यावर टायरमध्ये हवा भरतात.

तो फुटका पंप भंगारात गेला, असे सर्वांना वाटते. तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात, जुन्या ओढणीत गुंडाळलेला आहे. तो मी कोणालाही देत नाही. तो माझा आहे. गॅरेजमधली काकांची जागा मात्र काकांची आहे, ती त्यांना परत मिळावी.

एवढे लिहून मी साक्षीदाराच्या सहीसाठी ग्रंथपालबाईंकडे गेले. त्यांनी सर्व वाचले आणि चष्मा पुसत विचारले, "कलम चार तू गेल्यावर लागू होणार?"

"हो."

"आणि तू शनिवारी घरी येणार?"

"डॉक्टर तसं म्हणतात."

"मग त्या माणसाने वाट किती बघायची? साठ वर्षं?"

सबब दुरुस्ती. कलम एक, दोन व तीन माझ्या पश्चात अमलात यावीत. कलम चार आजपासून लागू आहे. हे पत्र मी बाबांना, दादाला आणि काकांच्या लेकीला एकाच वेळी पाठवत आहे. तिने ते काकांना मोठ्याने वाचून दाखवावे. बाबा, तुम्ही ओरडाल हे मला माहीत आहे; या वेळी मी दारात थांबणार नाही, आत येईन.

काका, उद्या बुधवारी दिवसभर मी गॅरेजमध्ये बसणार आहे, पंप समोर ठेवून. बाटल्यांवरची लेबले मी खरवडून काढली आहेत. कोणती कशाची हे तुम्हीच वास घेऊन सांगा. आणि तुमच्याशी जे बोलायचे राहिले आहे, ते मला माझ्या आवाजात बोलायचे आहे.

साक्षीदार पहिल्या: ग्रंथपालबाई (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी (सही, "ये गं लवकर बरी होऊन" असेही त्यांनी लिहिले आहे, ते खोडलेले नाही)
लिहून देणार: धाकटी (सही)
ठिकाण: गॅरेजचा माळा, खिडकीजवळ
पाठवले: मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४, दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी